पागनीसांची गूळतुला

वजन कमी भरलं म्हणून माणसाचं अभिनंदन करावं की सांत्वन, याबद्दल ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी समाजात अजून एकमत झालेलं नाही. गोरखीच्या बाजूला गेलो तर लोक हात हातात घेऊन 'वा, कमाल केलीत' म्हणतात, आणि दौलतगंजाकडे वळलो तर आवाज खाली आणून 'घरी सगळं ठीक आहे ना?' असं विचारतात. दहा जणांना दहा तऱ्हेनं सांगून मी कंटाळलो. तेव्हा मी, लक्ष्मीकांत पागनीस, लेखा कार्यालयातून सन्मानानं निवृत्त, हे प्रकरण एकदाचं सविस्तर सांगून टाकतो. ज्यांना हरकत घ्यायची असेल त्यांनी ती शेवटी घ्यावी. मध्येच हरकत घेतली की सांगणाऱ्याचं काय होतं हे मला चांगलं माहीत आहे, कारण उभी नोकरी मी तेच केलं.

आमचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर इकडे आले, पण लढायला नाही. पागेतल्या घोड्यांच्या चंदीचा हिशेब ठेवायला. लढाई हरली तरी चालेल पण चंदीचा हिशेब चुकता कामा नये, असे ते बाणेदार लोक होते. चंदी तोलता तोलता घराण्याला तोलण्याचीच गोडी लागली, आणि पुढे घोडे गेले, पागा गेली, तशी ती गोडी माणसांवर आली. आमच्या घरी पुरुषाची तीनदा गूळतुला होते. मुंजीत, लग्नात आणि साठीला. एका पारड्यात आपण बसायचं, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या रचायच्या. काटा जुळला की गुरुजी आकडा मोठ्यानं पुकारतात आणि गूळ समाजात वाटला जातो. गूळ लोक खाऊन विसरतात, आकडा मात्र कोणी विसरत नाही.

माझ्या बाबांच्या साठीला गुरुजींनी 'एक्क्याण्णव' असा पुकारा केला तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या होत्या. त्यानंतर माझी ओळख करून देताना लोक 'हे एक्क्याण्णववाल्या पागनीसांचे चिरंजीव' असं म्हणत. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट छाती फुगायची. आमच्याकडे भरलेलं अंग म्हणजे भरलेलं घर, आणि सडपातळ माणूस म्हणजे ज्याच्या घरी काहीतरी बिनसलंय असा माणूस.

आता महिपतराव जगदाळे. हे समाजाच्या उत्सव समितीचे अध्यक्ष. त्यांचे पूर्वज घोड्यावर बसायचे आणि आमचे पूर्वज त्या घोड्यांची चंदी मोजायचे, त्यामुळे आमच्यात पिढीजात स्नेह आहे आणि पिढीजात कुरबुरही. त्यांच्या घरात गूळतुलेची प्रथा कधीच नव्हती. तरी गेल्या वर्षी आपल्या साठीला या गृहस्थांनी आमची प्रथा बिनदिक्कत उचलली, मिशांना पीळ देऊन पारड्यात बसले आणि भरले ब्याण्णव. बाबांपेक्षा एक किलो जास्त. वर मला सगळ्यांदेखत म्हणाले, "लक्ष्मीकांतराव, पुढच्या मार्गशीर्षात तुमची पाळी. बघू या, पागनीस काय करून दाखवतात."

त्या रात्री मी जेवताना शरयूला माझा निश्चय सांगितला. शरयू माझी पत्नी. मी म्हटलं, "मला त्र्याण्णव भरायचंय." ती म्हणाली, "तुम्हाला जिना चढताना धाप लागते." मी म्हटलं, "गूळतुला जिन्यात होत नसते." यावर तिनं माझ्या पानात वाढायला घेतलेली तुपाची वाटी परत आत नेऊन ठेवली. एवढ्या मोठ्या कार्याची सुरुवात अशी घरातल्या असहकारानं झाली.

मी तेव्हा सत्त्याऐंशी होतो. म्हणजे सहा किलो चढवायचे आणि हाताशी जवळजवळ वर्ष. शेजारच्या मंदाताईंना हे कळलं आणि त्यांनी ते स्वतःच्या घरचं कार्य समजून हातात घेतलं. मंदाताई मनानं फार चांगल्या, फक्त त्यांच्याकडून आलेला डबा रिकामा परत करायची सोय नाही आणि भरलेला परत करायची तर मुळीच नाही. रोज सकाळी बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि बटाट्याची भाजी, त्यावर जिलबी. दुपारी डिंकाचा लाडू. थंडीत तिळगुळाची गजक, कारण गजक अंगी लागते. महिपतरावही मोठ्या मनाचे. स्पर्धक असून मला दर रविवारी हजीरा भागात कचोरी खायला न्यायचे आणि म्हणायचे, "खा, खा. मुकाबला बरोबरीचा झाला पाहिजे." वैशाखापर्यंत मी एकोणनव्वद झालो. पँटची शिवण दोनदा उसवून घेतली, आणि शिंप्यानं 'बाबूजी, अब कपड़ा ही नहीं बचा' म्हटलं तेव्हा मला गुदगुल्या झाल्या.

अशा भरात असताना आमची यशश्री नोएडाहून आठ दिवसांसाठी आली. तिनं मला दारात बघितलं आणि पाया पडायच्या आधीच म्हणाली, "बाबा, हे काय करवून घेतलंय तुम्ही? टेस्ट करवून घ्या ना प्लीज. मज़ाक नहीं है ये." आमच्या मुलांची वाक्यं मराठीत निघतात आणि हिंदीत पोचतात, तिकडे आम्ही आता लक्ष देत नाही. पण तिनं दुसऱ्या दिवशी रक्त तपासणाऱ्या माणसाला थेट घरीच बोलावलं. मी कचोरी हातात घेऊन बसलो होतो. त्यानं ती ठेवायला लावली आणि रात्रभर काही खाल्लं नसेल तरच उद्या येईन, असं सांगून निघून गेला. आमच्या घरी आलेला माणूस काही न घेता परत जाण्याचा हा पहिलाच प्रसंग.

मग रिपोर्ट, मग मोरारला डॉक्टर गरिमांकडे रवानगी. बरोबर शरयू. डॉक्टर वयानं यशश्रीएवढी, आवाज गोड, नजर मात्र आमच्या कार्यालयातल्या वरिष्ठांसारखी. रिपोर्ट बघून म्हणाली, "अंकल, शुगर अभी हुई नहीं है, पर दरवाज़े पर खड़ी है."

"तो दरवाज़ा मत खोलिए," मी विनोद केला. ती हसली नाही आणि शरयू तर त्याहून हसली नाही.

"पच्चीस-तीस की उम्र में आपका वज़न कितना था? अंदाज़े से बताइए."

मी ताठ बसलो. अंदाज हा शब्द पागनीसांपुढे काढायचा नसतो. "अठ्ठावन किलो," मी म्हणालो. "शादी के दिन का. गुड़ से तौला हुआ."

तिचं पेन थांबलं. मग मी तिला सगळी प्रथा सांगितली. ती म्हणाली, की हा प्रश्न मी रोज विचारते आणि लोक 'दुबला-पतला था' यापलीकडे काही सांगू शकत नाहीत. लग्नातलं वजन पुराव्यासकट सांगणारे तुम्ही पहिलेच. मला फार बरं वाटलं. मी शरयूकडे बघितलं, आणि उत्साहाच्या भरात न विचारता बाबांचे आकडेही दिले. लग्नात त्रेपन्न, साठीला एक्क्याण्णव.

डॉक्टरनं कागदावर दोन रेघा काढल्या, एक माझी आणि एक बाबांची. दोन्ही खालून वर चढत गेलेल्या. मग तिनं जे समजावलं ते मराठीत सांगायचं तर असं. नुसतं आजचं वजन बघून अर्धीच गोष्ट कळते. तरुणपणी माणूस केवढा होता आणि तिथून किती चढला, हे कळलं की उरलेली अर्धी कळते. सडपातळ माणूस मधल्या वयात हळूहळू भरत गेला, की त्या वाढीबरोबर साखरेचा धोका चढत जातो, आणि ज्याचं वजन फारसं हललेलं नसतं त्याला तो कमी. तुमचं वर्षाला किलोसुद्धा वाढलेलं नाही, म्हणून तुम्हाला ते कधी जाणवलं नाही.

"और पिताजी को शुगर कब निकली?"

"साठी के डेढ़ साल बाद."

"कोई तकलीफ़ हुई थी उससे?"

मी म्हणालो, "बायाँ पैर. घुटने के नीचे से."

तो पाय बाबांना गमवावा लागला होता. त्रेपन्न, एक्क्याण्णव आणि पाय. या तिन्ही गोष्टी मला पाठ होत्या, पण एका ओळीत मी त्या कधी मांडल्याच नव्हत्या. लोकांच्या हिशेबात जुळत नसलेलं शोधून काढण्यात माझी हयात गेली, आणि माझ्याच घरातलं मला दिसलं नाही. शेवटची वर्षं बाबा खुर्चीत बसून आल्यागेल्याला एक्क्याण्णवची गोष्ट रंगवून सांगायचे. पांघरूण कमरेपासून खाली घेतलेलं असायचं. आम्ही कौतुकानं ऐकायचो. मला तिथं बसल्या बसल्या रडू आलं, हे मी लपवत नाही.

डॉक्टर म्हणाली, घाबरायचं कारण नाही, वेळ अजून तुमच्या बाजूनं आहे. याच टप्प्यावर सहा-सात किलो उतरवले तरी धोका पुष्कळ मागे हटतो. उपाशी राहायचं नाही, चालायचं, गोड आणि तळलेलं आवरायचं, आणि दर तीन महिन्यांनी रक्त दाखवायचं. परतताना सवारीच्या टेंपोत शरयू माझ्या शेजारी दाटीवाटीनं बसली होती. मी म्हटलं, "पण समाजात काय तोंड दाखवू?" ती म्हणाली, "तोंडाचं मला माहीत नाही. मला तुमचे दोन्ही पाय पाहिजेत."

तुला रद्द करून टाका, असं तुम्ही म्हणाल. पण महिपतरावांनी ती गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात जाहीर करून टाकली होती. गोरखीजवळचं आमच्या समाजाचं सभागृह त्या तारखेला अडवून ठेवलं होतं, आणि दाल बाजारातल्या शेठजींकडे नव्या हंगामाचा गूळ सांगून झाला होता. आता माघार घेतली असती तर पागनीस जगदाळ्यांना घाबरले, असं पुढच्या तीन पिढ्यांनी ऐकलं असतं. तेव्हा मी ठरवलं, की वजन गुपचूप उतरवायचं आणि तुलेचं तुलेच्या दिवशी बघू. हा निर्णय शहाणपणाचा नव्हता, पण माझे बरेचसे निर्णय असेच पुढच्या तारखेवर टाकलेले असतात.

गुपचूप वजन वाढवता येतं. उतरवणं मात्र ग्वाल्हेरात शक्य नाही. मी पहाटे उरवाई दरवाजाकडून किल्ला चढायला लागलो. पहिल्या दिवशी अर्ध्या चढावर, कड्यात कोरलेल्या त्या भल्यामोठ्या जैन मूर्तींपाशी बसलो आणि त्यांचं उभं राहण्याचं सामर्थ्य बघून लाजलो. पंधरा दिवसांत वरपर्यंत जाऊ लागलो. आणि एक दिवस मागून मोटार आली, थांबली, आणि काच खाली झाली. आत पाहुण्यांना किल्ला दाखवायला निघालेले महिपतराव.

"काय हो लक्ष्मीकांतराव, पायी?"

आता खरं सांगायचं म्हणजे हरलो. माझ्या तोंडून निघून गेलं, "नवस आहे. साठी निर्विघ्न व्हावी म्हणून सास-बहूच्या देवळापर्यंत पायी."

महिपतरावांनी गाडीतूनच हात जोडले. संध्याकाळपर्यंत माझा नवस सगळ्या लष्करात, म्हणजे आमच्या वस्तीत, पसरला. दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर पडतो तर फाटकात मंदाताई, नारळ आणि पिशवी घेऊन. "मी पण येते," त्या म्हणाल्या. "पण एक सांगा, त्या देवळात मूर्ती तर नाहीच. मग नवस कोणाला?"

मी क्षणभर विचार केला. "म्हणूनच," मी म्हणालो. "दिसणाऱ्या देवाला कोणीही बोलतं."

हे उत्तर त्यांना इतकं पटलं की त्यांनी ते चार घरी सांगितलं. आठवड्याच्या आत माझ्या मागे किल्ल्यावर भगिनी मंडळ चढू लागलं. दीड महिन्यात त्यांच्यातल्या दोघींचे गुडघे सुधारले आणि त्याचं श्रेय मला मिळालं. एका बाईंनी मुलाच्या बदलीसाठी माझ्यासारखाच नवस बोलायचा विधी विचारला. मी तो बनवून सांगितला, आणि त्यांच्या मुलाची बदली खरोखर झाली, त्यामुळे प्रकरण माझ्या हाताबाहेर गेलं. पण एक गोष्ट या खोट्यानं मोठी केली. दिवाळीच्या तोंडावर मंदाताईंनीच जाहीर केलं, की नवस चालू असताना गोड तोंडात घालायचं नाही, नाहीतर केलेलं फुकट जातं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझ्यासमोरची करंजीची ताटली स्वतःच्या हातानं उचलून नेली. शरयू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती.

वजन उतरत गेलं. मी सैल सदरे घालायला लागलो आणि आत स्वेटर. लोक म्हणायचे, चेहरा उतरलाय. मी म्हणायचो, नवस. मार्गशीर्ष लागेपर्यंत धाप गेली, जिना मी बोलत बोलत चढायला लागलो, आणि डॉक्टर गरिमा तीन महिन्यांची साखर बघून म्हणाली, "अंकल, दरवाज़े से हट गई." त्या दिवशी मात्र आम्ही तिघंही हसलो.

आता उरला तराजू. शेठजींनी आपला धान्य तोलायचा मोठा तराजू द्यायचं कबूल केलं होतं. पण मी हिशेबाचा माणूस. उद्या महिपतराव म्हणाले की काटाच खोटा होता, तर? म्हणून मी तराजूवर सरकारी ठप्पा मारून घ्यायला नापतौलच्या, म्हणजे वजनमापांच्या, कार्यालयात गेलो. तिथला बाबू सभ्य होता. त्यानं विचारलं, "माल क्या तौलेंगे?"

"मुझे."

"नहीं, मतलब आप बेचते क्या हैं?"

"कुछ नहीं. मुझे ही तौला जाना है."

"रोज़?"

"साठ साल की उम्र में एक बार."

त्यानं चष्मा काढून पुसला. मग मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि फार मायेनं म्हणाला, की बाबूजी, विकायचं नाही तर ठप्पा लागत नाही, तुम्ही निश्चिंत घरी जा. घरून कोणाला बोलावून घेऊ का, असंही त्यानं विचारलं. इतक्या वर्षांत सरकारी कार्यालयात मला मिळालेली ही सगळ्यात चांगली वागणूक होती आणि ती मी आजारी आहे असं समजून मिळाली, याचा सल मला अजून आहे.

तुलेचा दिवस उजाडला. सभागृह भरलेलं. मी धोतर, अंगरखा आणि पगडी. अंगरख्याचे बंद दोन वेढे घेऊन बांधावे लागले. आत गेलो आणि आधी तराजूकडे बघितलं. रीत अशी, की आधी माणूस पारड्यात बसतो आणि मग गूळ चढवत जातात. पण महिपतरावांनी समितीचं काम वेळेवर करण्याच्या नादात एका पारड्यात त्र्याण्णव किलो गूळ आधीच रचून ठेवला होता. फुलं लावून, वर चांदीचा वर्ख. गुळाचं पारडं जमिनीला टेकलेलं आणि माझं रिकामं पारडं वर, छातीएवढ्या उंचीवर.

"आता तुम्ही बसलात की बरोबर खाली येणार," महिपतराव माझ्या कानात म्हणाले. "एक किलोनं तुम्हीच पुढे. मी मन मोठं केलंय."

माझ्यासाठी स्टूल आणलं. मी चढलो, पारड्यात मांडी घालून बसलो, आणि स्टूल काढून घेतलं. गुरुजींनी मंत्र म्हटला. काही झालं नाही. पारडं जिथं होतं तिथंच राहिलं आणि मी समाजापुढे हवेत लोंबत राहिलो.

सभागृहात कुजबूज सुरू झाली. गुरुजींनी मंत्र पुन्हा म्हटला, जणू पहिल्यांदा तो मला ऐकू आला नव्हता. कोणीतरी म्हणालं, काटा अडकलाय. कोणीतरी काटा हलवून बघितला आणि मी वरच्या वर गोल फिरलो. माझी पाठ पाहुण्यांकडे झाली. मंदाताईंचा आवाज आला, "नवसानं खाल्लं हो यांना."

महिपतरावांचा चेहरा पडला. मला वाटलं होतं ते खूश होतील. पण ते पुढे आले, आपल्या अंगावरची शाल काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मग इकडे तिकडे बघून देवापुढचा पितळेचा समईचा जोड उचलून माझ्या हातात दिला. "घट्ट धरा," ते दबक्या आवाजात म्हणाले. "पागनीसांच्या पोराला मी असा अधांतरी नाही राहू देणार." मग सगळ्यांनाच कळलं की काय करायचंय. कोणी पाण्याची कळशी आणली. कोणी मागच्या खोलीतून वरवंटा. कोणी तर म्हणालं, मंडळाची पेटी ठेवा, भजनाची. माझ्यावर सामान रचलं जात होतं आणि प्रत्येक जण मोठ्या प्रेमानं रचत होता. घराण्याची अब्रू वाचवायला सगळा समाज धावला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, थोडं प्रेमानं आणि थोडं समईच्या तेलानं.

तेवढ्यात शरयू उठली. ती बायकांच्या रांगेत मागे बसली होती. पुढे येऊन तिनं माझ्या हातातल्या समया घेतल्या आणि खाली ठेवल्या. कळशी काढली, वरवंटा काढला, शाल नीट घडी करून महिपतरावांना परत दिली. मग ती दुसऱ्या बाजूला गेली आणि गुळाच्या ढिगावरून एक भेली उचलून बाजूला ठेवली. मग दुसरी.

"वहिनी, हे काय करताय?" महिपतराव म्हणाले. "वजन कमी पडतंय यांचं."

"यांचं वजन कमी पडत नाहीये, भावजी," शरयू म्हणाली. "गूळ जास्त झालाय."

ती भेल्या काढत राहिली. मी हळूहळू खाली येऊ लागलो. तिच्या शेजारी काढलेल्या गुळाचा ढीग वाढत होता. पारडी समोरासमोर आली तेव्हा ती थांबली, हात पदराला पुसले, आणि गुरुजींना म्हणाली, "पुकारा करा."

गुरुजी चाचरले. इतका लहान आकडा त्यांनी पागनीसांच्या साठीला कधी पुकारला नव्हता. "सत्त्याहत्तर," ते हळूच म्हणाले.

"मोठ्यानं," शरयू म्हणाली.

"सत्त्याहत्तर."

टाळी कोणी वाजवली नाही. शरयू त्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाली, "यातला बारा किलो गूळ हे अंगावर घेऊन फिरत होते. उरलेलाही चढवायला निघाले होते. मामंजींची साठी इथंच झाली. तुम्हा सगळ्यांना एक्क्याण्णव आठवतं. मी तेव्हा नवी सून होते, टाळ्या मीही वाजवल्या. पण नंतर त्यांची जखम धुवायला तुमच्यापैकी कोणी नव्हतं, मी होते. रोज दोनदा. मला ते पुन्हा करायचं नाहीये." आणि ती जाऊन आपल्या जागेवर बसली.

एवढी वर्षं संसार केला, पण शरयू चारचौघांत इतकं बोललेली मी ऐकली नव्हती. मी पारड्यात बसलेलो होतो, अंगरखा सैल, पगडी वाकडी, मागे वरवंटा पडलेला, आणि मला इतका अभिमान वाटत होता की मला तो कुठं ठेवावा कळेना. आमच्या घराण्याचा सगळ्यात हलका साठीचा आकडा माझ्या नावावर होता. मी खाली उतरलो, कोणाचा हात न धरता, आणि दोन्ही पायांवर नीट उभा राहिलो.

मग गूळ वाटला गेला, जेवणं झाली, आणि लोकांचे दोन पक्ष पडले ते पडलेच. पुढच्या महिन्यात ज्यांची साठी आहे त्या एका गृहस्थांनी तुला नको, नुसती पूजा करा, असं गुरुजींना हळूच सांगितलं म्हणे.

पाहुणे पांगल्यावर मी सभागृहात परत गेलो, पगडी राहिली होती म्हणून. आत महिपतराव एकटेच होते. काढून ठेवलेल्या गुळाचा ढीग अजून तिथंच होता. त्यांनी वाकून दोन्ही हातांत मावतील तेवढ्या भेल्या उचलल्या, तशाच धरून थोडा वेळ उभे राहिले, आणि सावकाश खाली ठेवल्या. मग तिथंच पायरीवर बसले. मी जाऊन शेजारी बसलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"फौजेत भरती झालो तेव्हा एकसष्ट किलो होतो," ते म्हणाले. "मेडिकलवाल्यांनी पाठ थोपटली होती."

ते आपल्या चपलांकडे बघत होते.

"तळव्यांना मुंग्या येतात हो. बरेच दिवस झाले. घरी सांगितलं नाही." मग म्हणाले, "ती तुमची डॉक्टर मोरारला किती वाजता बसते?"

या माणसानं मला काहीतरी विचारावं म्हणून मी किती वर्षं वाट बघत होतो. पण जिंकल्यासारखं मला मुळीच वाटलं नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"रात्री जेवणानंतर काही खाऊ नका," मी म्हणालो. "सकाळी उपाशीपोटी तयार राहा. मी घ्यायला येतो."